घरची कॉफीची भाजणी धंद्यावर न्यायची आहे : ५ किलोचं यंत्र घेऊ का?

धुरकट

नमस्कार मंडळी. पुष्कळ दिवस वाचनमात्र होतो, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

अडीच वर्षं घरी कॉफी भाजतोय. आधी पॉपकॉर्नच्या यंत्रात, आता अर्धा किलोचं विजेवरचं यंत्र आहे. ओळखीपाळखीतून वाढत वाढत महिन्याला १४ किलो भाजलेली कॉफी जाते. लोक पैसे देऊन नेतात, भिडेखातर नव्हे. आता नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करायचं मनात आहे. गॅसवरचं ५ किलोचं ड्रमचं यंत्र बघून ठेवलंय, इसार द्यायचा बाकी आहे. कर्जही मिळेलसं दिसतंय. एक घाणा काढून दुसरा पडेपर्यंत १५ मिनिटं धरली तर तासाला ४ घाणे, आठ तासांत १६० किलो. यातला निम्मा माल खपला तरी दीड वर्षात कर्ज फिटतं.

प्रश्न एवढाच : जुनं ओतीव लोखंडाचं, दुरुस्त केलेलं यंत्र घ्यावं की नवं कोरं? दोन्हीचा भाव जवळपास सारखाच पडतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाचच

नवं घ्या. धंदा बसला तर विकताना भाव बरा येतो. (हलकेच घ्या.)

आकडेमोड

उगाचच यांचा विनोद मी गंभीरपणे घेतोय.

धुरकट, तुमचेच आकडे उलट्या बाजूने मांडू. १४ किलो भाजलेली म्हणजे भाजताना वजनात १५ टक्के घट धरून साधारण साडेसोळा किलो कच्ची. ५ किलोच्या यंत्रात ४ किलोचा घाणा टाकलात तर चार घाणे झाले. तुमची आजची अख्ख्या महिन्याची विक्री ते यंत्र एका तासात उरकणार. बाकीचा महिनाभर ते नुसतं उभं, आणि हप्ता मात्र चालू.

दुसरं, १६० किलो ही तुम्ही आत टाकलेली कच्ची. बाहेर १३६ येईल. त्यातला निम्मा खपवायचा म्हणजे ६८ किलो, पाव किलोची २७२ पाकिटं. रोज. ती भरायची कोणी, चिकटपट्टी लावायची कोणी, आणि घ्यायची कोणी?

आता एका गोणीचा हिशोब. ६० किलोची गोणी घेतली. नमुने आणि अंदाज येईपर्यंतचे घाणे यात ३ किलो गेली असं धरा, उरली ५७. १५ टक्के घट गेल्यावर साडेअठ्ठेचाळीस. चव तपासायला, एखाद्या कॅफेला चाखायला, न उमललेले फिके दाणे वेचून टाकायला आणखी दीड किलो. विकायला हातात ४७ किलो. कच्च्याला किलोमागे १०० पडले असतील तर भाजलेल्याला १२८ पडले. यात गॅस, पाकीट, मजुरी, भाडं, पोचवणूक काहीच नाही. नवखे लोक भाव ठरवताना १०० वरून सुरुवात करतात आणि वर्षाअखेरीस पैसे कुठे गेले म्हणून शोधत बसतात.

धुरकट

घट धरायचीच राहिली, खजील झालो. पण मोठं यंत्रच नसेल तर मोठी ऑर्डर आली तर घेणार कशी? यंत्र बघून कॅफेवाल्यांनाही विश्वास वाटतो ना?

रात्रपाळी

मी कॅफे चालवते. यंत्र बघून मला काही वाटत नाही. आजवर चार भाजणाऱ्यांकडून माल घेतला, त्यातल्या दोघांचं यंत्र मी पाहिलेलंही नाही.

मला काय लागतं ते सांगते. सकाळी उघडायच्या आधी आम्ही ग्राइंडर जुळवतो. १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम एस्प्रेसो, तीसेक सेकंद, असं आमचं बसलेलं गणित. नवी पिशवी फोडली आणि तेच दळण २२ सेकंदांत धो धो उतरलं की मुलं परत जुळवत बसतात, पाच-सहा शॉट मोरीत जातात, आणि दारात गिऱ्हाईक उभं. पिशवीवर जर्दाळू लिहिलंय की जास्वंद, ते मी पहिल्या दिवशी वाचते. त्यानंतर फक्त एवढंच बघते की मागच्या मंगळवारी आली तीच कॉफी या मंगळवारी आली का.

आणि हो, भाजल्याची तारीख पिशवीवर हवी. काल भाजलेली आज आणून "एकदम ताजी" म्हणून कौतुक सांगू नका. एस्प्रेसोला आठवडा-दहा दिवस मुरू द्यावीच लागते, नाहीतर आतला कार्बन डायऑक्साइड नुसता फेस करतो आणि चव हाती लागत नाही.

जुना_भाजक

रात्रपाळी ताईंचा प्रतिसाद छापून यंत्रासमोर लावा.

मी हे अकरा वर्षं करतोय. पहिलं पाकीट कोणीही विकतं. ओळख, कुतूहल, सुंदर चित्र, कशानेही जातं. धंदा दुसऱ्या पाकिटाचा आहे. पहिल्यासारखंच दुसरं लागलं पाहिजे, आणि सोळावंही. घरी अर्ध्या किलोचा एक घाणा झकास उतरतो तेव्हा आपण तो लक्षात ठेवतो. त्याच्या आधीचे दोन बरे-वाईट होते ते विसरतो. गिऱ्हाईक नेमकं तेच दोन विसरत नाही.

म्हणून यंत्राआधी एक वही घ्या. प्रत्येक घाणा आत टाकताना वजन, बाहेर काढून थंड झाल्यावर वजन. घटीची टक्केवारी. फिकट भाजणीला १२-१३, मध्यमला १४-१६, गडदला १८ आणि पुढे, असं ढोबळ. एका कॉफीसाठी तुमची घट १४.५ ठरली असेल तर १४ ते १५ च्या बाहेरचा घाणा बाजूला ठेवायचा आणि चाखल्याशिवाय भरायचा नाही. यासाठी फक्त एक चांगला तराजू लागतो. महिनाभर ही वही लिहा आणि मग तुमचे किती घाणे या पट्टीत बसले ते इथे टाका. पुढे बोलू.

मोठ्या ऑर्डरचं म्हणाल तर ती आली की दुसऱ्याच्या भट्टीवर तास भाड्याने घ्या. बहुतेक भाजणाऱ्यांची यंत्रं आठवड्यातले दोन-तीन दिवस रिकामी असतात. त्यांनाही भाड्याचा आधार होतो.

ग्राफवाला

वही कशाला? आर्टिझन हे भाजणीची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तापमापक जोडला की सगळा आलेख समोर. दर मिनिटाला तापमान किती वेगाने चढतंय ती रेघ नीट उतरती ठेवली, फर्स्ट क्रॅकनंतरचा (म्हणजे दाणे पहिल्यांदा तडतडतात त्यानंतरचा) वेळ एकूण वेळेच्या २० ते २५ टक्क्यांत ठेवला की काम झालं. जागतिक स्पर्धकांचे आलेखसुद्धा नेटवर मिळतात, तसेच चालवायचे.

जुना_भाजक

आलेखाला विरोध नाही, मीही वापरतो. दुसऱ्याचा आलेख चालवायला विरोध आहे. तुमचा तापमापक ३ मिलिमीटर जाडीचा, त्याचा ६ चा. तुमचा दाण्यांच्या ढिगात पूर्ण बुडलेला, त्याचा अर्धा हवेत. त्याच्याकडे फर्स्ट क्रॅक १९६ अंशांना वाजेल, तुमच्याकडे २०४ ला, आणि आत दाण्याला कळणारही नाही की तो वेगळ्या आकड्यावर तडकला. आकडा त्या यंत्रापुरता, त्या तापमापकापुरता खरा.

ग्राफवाला

मान्य. पण नाक आणि कान यांवर किती दिवस चालणार? माणूस सर्दीत भाजतो तेव्हा?

उगाचच

सर्दीत भाजू नये. शिंक आली तर फर्स्ट क्रॅक म्हणून नोंद होते.

कपबशी

दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहतेय. आलेख काय किंवा घट काय, दोन्ही सांगतात की घाणा मागच्यासारखा झाला. तो चांगला झाला का हे फक्त कप सांगतो.

धुरकट, चाखता कसे? ज्या पद्धतीने पिता त्याच पद्धतीने चाखत असाल तर थांबा. कपिंग शिका. १५० मिली पाण्याला सव्वाआठ ग्रॅम, जरा जाडसर दळलेली. ९३ अंशांचं पाणी. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा, नाक तिथेच, जवळ. फेस काढून टाकायचा, आणि तोंडाला सोसेल इतपत निवली की भुरके मारायचे. मग पुन्हा थंड झाल्यावर. गरम असताना सगळ्याच कॉफ्या गोड वागतात, खोडी थंड झाल्यावर कळते. एका कॉफीचे पाच कप मांडायची रीत आहे ती उगाच नाही. चार छान आणि एक मातकट निघाला तर गोणीत कुठेतरी खराब दाणे आहेत. एकच कप मांडला असता तर कदाचित कळलंही नसतं.

"स्पेशालिटी" हा शब्द आपण फार सैल वापरतो, म्हणून थोडं. १९७४ मध्ये एर्ना नुट्सेन या बाईंनी एका व्यापारी मासिकातून तो चलनात आणला. त्यांना म्हणायचं होतं की विशिष्ट सूक्ष्म हवामानात पिकलेल्या कॉफीला तिची स्वतःची चव असते. पुढे १०० पैकी ८० गुण ही रेघ आली. कच्च्या मालाला ३५० ग्रॅमच्या नमुन्यात काळा, आंबलेला असा एकही मोठा दोष नको, आणि छोटे दोष जास्तीत जास्त पाच. अलीकडे स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने मूल्यमापनाची नवी पद्धत आणली आहे. तिच्यात कॉफी कशी आहे याचं वर्णन आणि ती मला किती आवडली हे मत, दोन्ही वेगळे नोंदतात. मला हे फार पटतं. तुमच्या गिऱ्हाइकाला जे आवडतं ते तुम्हाला आवडेलच असं नाही, पण वर्णन दोघांचं एक हवं.

आता खरेदी. भाजणाऱ्याचे जास्तीत जास्त पैसे यंत्रात अडकत नाहीत, गोण्यांत अडकतात. कॉफी वर्षभर पिकत नाही. इथिओपियात तोडणी साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, ब्राझीलमध्ये मे ते सप्टेंबर, कोलंबियात एक मोठा आणि एक छोटा असे दोन हंगाम. तोडणीनंतर वाळवण, विश्रांती, साल काढणं, जहाज. म्हणजे आवडलेली कॉफी एकदाच येते आणि पुढच्या हंगामापर्यंत लागेल तेवढी आत्ताच बांधून ठेवावी लागते. कमी बांधलीत तर चार महिन्यांत कॅफेला "ती संपली" सांगायची वेळ येते. जास्त बांधलीत तर वर्षभराने तिला जुन्या लाकडासारखा, गोणपाटासारखा वास लागतो. जहाज निघण्याआधीचा नमुना आणि माल पोचल्यावरचा नमुना, दोन्ही चाखा आणि दोन्हींच्या नोंदी ठेवा. त्यांत फरक निघाला तर बोलायला पुरावा लागतो.

कच्च्या दाण्यात ओलावा १० ते १२ टक्के असावा. त्याची जागा थंड, कोरडी आणि वर्षभर सारखी हवी. एकदा कमी-जास्त झालेला ओलावा भाजणीत लपत नाही.

आकडेमोड

कपबशी ताईंनी "बांधून ठेवा" म्हटलं त्याला पैशाची बाजू जोडतो. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिका जातीची कॉफी २०१९ मध्ये पौंडाला एक डॉलरच्याही खाली गेली होती. २०२४ च्या अखेरीस तिने १९७७ चा उच्चांक मोडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती चार डॉलरच्या वर होती. ब्राझीलमध्ये पाऊस न पडल्याचा झटका. तुमची कॉफी कितीही खास असली तरी तिचा भाव पुष्कळदा याच आकड्यावर अमुक इतके जास्त असा ठरतो. करार करताना विचारा, भाव आजच पक्का की माल उचलायच्या दिवशी? कॅफेशी वर्षभराचा एकच भाव ठरवून बसलात आणि कच्च्याचा भाव मोकळा सोडलात तर मधल्या मध्ये तुम्हीच भाजले जाल.

आणि रोकड. गोणीचे पैसे आज. भाजून, भरून, पोचवून, कॅफेच्या उधारीचे ३० दिवस धरून पैसे परत येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. विक्री दुप्पट झाली की अडकणारे पैसेही दुप्पट होतात. वाढताना बुडणारे धंदे असेच बुडतात. कर्ज यंत्रावर संपवू नका, खेळत्या भांडवलासाठी राखा.

तिसरा_घाणा

उधारीवरून जखम उघडली. आमच्या एकूण मालातला ४० टक्के माल एकाच कॅफेसाखळीकडे जायचा. आधी त्यांनी ग्राइंडर मागितला, दिला. मग ३० दिवसांचे ४५ केले, ४५ चे ७५. एक दिवस फोन आला, आम्ही दुसरीकडून घेतोय. ग्राइंडर परत आला तेव्हा त्याची पाती बोथट होती, आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या ११ गोण्या माझ्या अंगावर. त्या संपवायला आठ महिने लागले. तेव्हापासून कोणाही एकाला २० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. कितीही गोड बोलला तरी.

वाढीबद्दल बोलायचं तर मी १ किलोवरून सुरुवात केली, आता १५ किलोचं यंत्र आहे. १ किलोच्या यंत्रात ८०० ग्रॅमचा घाणा, बाहेर ६८० ग्रॅम, तासाला पावणेतीन किलो. महिन्याला ६० किलोपर्यंत मी त्यावर ओढलं. आठवड्यात पाच-सहा तास भाजणी, बाकी सगळा वेळ भरणं, चिकटवणं, पोचवणं, फोन. पहिला माणूस ठेवला तो पाकिटं भरायला. लोकांना वाटतं भाजायला ठेवला असेल. भाजणं मला येत होतं. पाकिटं भरून रात्री बारा वाजता मान अवघडायची, त्यावर इलाज हवा होता.

मोठं यंत्र आलं तेव्हा मला वाटलं, तेच तापमान, तोच वेळ, फक्त आकडा मोठा. सपशेल खोटं. ड्रमची जाडी वेगळी, हवेचा झोत वेगळा, घाणा मोठा असल्याने फर्स्ट क्रॅकला दाणे स्वतःच उष्णता सोडायला लागले की आलेख हातातून निसटतो. ज्योत आधीच उतरवावी लागते. पहिला आठवडा सगळं एक तर करपट, नाहीतर पुठ्ठ्यासारखं सपाट. शेवटी असं केलं : जुन्या यंत्राचे दोन कप आणि नव्याचा एक, किंवा उलट, डोळे बांधून मांडायचे आणि वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही तिनातून एकदा बरोबर येतं, म्हणून बारा-पंधरा वेळा मांडायचं. आम्हाला वेगळा कप ओळखता येईनासा झाला तेव्हाच नव्या यंत्राचा माल बाहेर गेला. पाच आठवडे दोन्ही यंत्रं सोबत चालली. त्या पाच आठवड्यांचा खर्च कोणत्याही कोटेशनमध्ये नसतो.

आणि एस्प्रेसोसाठी एक मिश्रण ठेवाच. एकाच मळ्याची कॉफी संपली की संपली. मिश्रणात दोन-तीन घटक असतील तर हंगामाप्रमाणे एकेक हळूच बदलता येतो, चव जागेवर राहते आणि कॅफेला रोज नव्याने जुळवावं लागत नाही. पुष्कळ भाजणाऱ्यांना हे कमीपणाचं वाटतं. त्यांच्या फिकट, एकाच मळ्याच्या पाकिटांचं कौतुक जास्त होतं, पण भाडं मिश्रणातून निघतं.

निळी_ज्योत

सगळे चवीवर आणि पैशावर बोलतायत, धुरावर कोणीच नाही. धागाकर्त्यांचं नाव धुरकट असूनही.

५ किलोचं यंत्र घराच्या खोलीत बसवायचं डोक्यात असेल तर ते आधी काढा. जागा घेताना चार गोष्टी बघा : गॅसचा दाब पुरतो का, धुराडं सरळ वर नेता येतं का, शेजारी कोण, आणि स्थानिक परवानगीत धुराबद्दल काय लिहिलंय. बाहेर रस्त्यावर येतो तो वास आणि भाजताना निघतो तो धूर यांत फार फरक आहे. शेजाऱ्यांना पहिला आठवडा मजा वाटते. धूर जाळायला आफ्टरबर्नर लावला तर तो साडेसहाशे अंशांच्या वर चालवावा लागतो आणि गॅस भाजणीपेक्षा जास्त पितो. लोरिंगसारखी यंत्रं तीच हवा आत फिरवून एकाच ज्योतीवर धूर जाळतात. गॅस वाचतो, किंमत अर्थातच चढी.

आता आग. भाजताना दाण्याची रुपेरी साल सुटते, ती वाळलेल्या पानासारखी पेटते. ती जमा होणारा डबा रोज रिकामा करायचा, धुराडं ठरल्या दिवशी खरवडायचं. काजळी आणि तेल आत साचलं की एक ठिणगी पुरते. ड्रममध्ये आग लागली तर सगळ्यांचा हात पहिल्यांदा दाणे बाहेर काढायच्या दांड्याकडे जातो. तेच करायचं नाही. बाहेरची हवा मिळाली की भडका. ज्योत बंद, पंखा बंद, ड्रम फिरता ठेवा, दार मिटलेलं. यंत्रात पाणी सोडायची सोय असेल तर ती वापरा. यंत्र घेताना ती आहे का हे पहिल्यांदा विचारा, रंग कोणता ते नंतर.

अजून एक, हे फारसं कोणी सांगत नाही. ताजी भाजलेली आणि विशेषतः दळलेली कॉफी कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही. बंद खोलीत डब्यांत भरपूर माल ठेवून वर झाकण उघडून डोकं आत घालू नका. मोजणारं यंत्र भिंतीवर लावा. शिवाय लोण्यासारख्या वासाचं डायअसेटिल निघतं, ते रोज छातीत गेलं तर फुफ्फुसाला वाईट. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश या संस्थेने त्याची सुचवलेली मर्यादा दिवसाच्या सरासरीला हवेच्या अब्ज भागांत ५ भाग इतकी थोडी आहे. दळण्याची जागा वेगळी, तिथे हवा खेळती, आणि दिवसभर दळणाऱ्या माणसाची पाळी बदलती.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही, मी देतो. प्रोबॅट ही जर्मन कंपनी १८६८ पासूनची, तिची दशकं जुनी ओतीव लोखंडाची यंत्रं अजून चालतात. तेव्हा जुनं म्हणजे वाईट नव्हे. पण बघायला जाल तेव्हा ड्रम हाताने फिरवून बेअरिंग ऐका. ड्रम आणि समोरची तबकडी यांच्यातली फट बघा. ती वाढली असेल तर दाणे अडकून तुटतात. गॅसचे झडप आणि ज्योत विझली तर गॅस तोडणारी सोय नवी आहे का ते बघा. आणि "दुरुस्त केलेलं" म्हणजे नेमकं काय बदललं ते लिहून मागा. नुसता रंग दिलेली पुष्कळ असतात.

रात्रपाळी

दगड राहिला. एकदा कॉफीत खडा आला, ग्राइंडरची पाती गेली, शनिवारची सकाळ. भाजणाऱ्याने पाती भरून दिली, पण मी त्याच्याकडून घेणं थांबवलं.

तिसरा_घाणा

+१. खडे काढायचं यंत्र चैनीचं नाही. हवेच्या झोतावर भाजलेला दाणा वर उचलला जातो, खडा खाली राहतो, इतकं साधं. ते परवडेपर्यंत ताटात पसरून हाताने बघा. मी १ किलोवर असताना तसंच करायचो.

धुरकट

सगळ्यांना दंडवत. इसार दिला नाही. नोकरीही सोडली नाही, चार दिवसांची करून घेतली. वही आजपासून.

(सहा आठवड्यांनी)

धुरकट

धागा वर काढतोय. अहवाल देतो.

एका भाजणाऱ्याच्या ५ किलोच्या यंत्रावर बुधवारी तीन तास भाड्याने मिळतात. तिथले माझे पहिले १९ घाणे झाले, वही लिहिली. घट १४ ते १५ च्या पट्टीत बसले ते १९ पैकी ११. जुना_भाजक, हसू नका. एक छोटं कॅफे घेतंय, आठवड्याला ६ किलो, पैसे पोचल्यावर लगेच. ती तीनदा पोचवली, तिसऱ्यांदा त्यांनी काहीच तक्रार केली नाही, यालाच कौतुक समजलो.

आता अडचण. एकच इथिओपियाची कॉफी, एकच गोणी, तोच आलेख, फर्स्ट क्रॅक त्याच आकड्याला. पहिल्या तीन आठवड्यांत घट १४.६ च्या आसपास यायची. गेले दोन बुधवार १३.३, १३.१. रंग डोळ्यांना तसाच दिसतो. चाखली तर आंबटपणा बोथट, थंड झाल्यावर थोडी कागदी. तो माल दिला नाही, कॅफेला जुन्यातलाच दिला. चुकतंय कुठे?

ग्राफवाला

तापमापकावर काजळी चढली असेल. काढून पुसा.

जुना_भाजक

काजळीने तापमापक मागे राहतो, मग माणूस जास्त भाजतो आणि घट वाढते. यांची कमी झाली आहे. ११ घाणे पुष्कळ झाले, माझे पहिल्या वर्षी तेवढेही नव्हते.

गोणी ठेवता कुठे?

धुरकट

भट्टीवरच. यंत्राच्या मागे कोपरा रिकामा होता, तिथे ठेवायला दिली त्यांनी. तोंड सुतळीने बांधलेलं असतं.

कपबशी

आतली प्लास्टिकची पिशवी?

धुरकट

ती पहिल्याच दिवशी फाडून टाकली. गोणपाटात हवा लागते म्हणून बरं, असं वाटलं.

जुना_भाजक

आठवडाभर दुसरा माणूस रोज भाजतो आणि तुमची गोणी त्या उबेत बसलेली. दाणा वाळला. जे पाणी भाजताना उडायचं ते गोणीतच उडून गेलं, म्हणून घट कमी. आतून कोरडा दाणा लवकर तापतो, जुना आलेख त्याला लागू पडत नाही. ओलावा मोजून घ्या, ११ चा ९ झाला असेल तर नवल नाही.

आजच हलवा. जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा. उरलेली किती आहे?

धुरकट

२२ किलो. निघालोच.

उगाचच

५ किलोचं यंत्र घेतलं असतं तर गोणी एव्हाना संपली असती. (पळतो.)